ठमीच्या स्टँडिंग ऑर्डर्स

रस्त्यावरचं किंवा निवाऱ्यातलं कुत्रं घरी आणणाऱ्यांना मी एकच सल्ला देतो : लाड सावकाश करा, नियम पहिल्या दिवशी लावा. त्यावर लोक माझ्याकडे असं पाहतात, जणू मी त्या मुक्या जिवाला क्वार्टर गार्डमध्ये टाकायला सांगतोय. 'बिचारीनं आधीच इतकं सोसलंय, आता तरी मोकळं राहू द्या की तिला!' हे वाक्य मी घरातही ऐकलंय. फौजी माणसाला जिकडेतिकडे परेडच दिसते, हा टोमणा सोबत फुकट.

पण सोसलेल्या जिवाला सगळ्यात मोठी भीती असते ती पुढे काय होणार हे न कळण्याची. खायला कधी मिळेल? समोरचा हात थोपटायला उठलाय की मारायला? रस्त्यावर या प्रश्नांना ठरलेलं उत्तर नसतं. घरात ते रोज तेच मिळालं, की कुत्रं निवांत होतं. खडकवासल्यात पहिल्या टर्मला आलेल्या कुठल्याही पोराला विचारा. सुरुवातीला त्याला पळता भुई थोडी होते. पण कुठल्या वेळी, कुठल्या कपड्यात, कुठे उभं राहायचं हे एकदा अंगवळणी पडलं, की तेच पोर गाढ झोपायला लागतं.

सध्या आमची पोस्टिंग बुंदेलखंडात, बबिन्याला. ठमी झाशीहून आली. देशी, तांबूस, साधारण दोन वर्षांची, कानाला नसबंदीची खाच. रेबीजची लस आणि जंताचं औषध झालं आणि घरात पाच ऑर्डर्स निघाल्या.

एक : जेवण दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. वीस मिनिटांनी भांडं उचलायचं. ती खात असताना कुणीही, अगदी मायेनंसुद्धा, हात लावायचा नाही. आपल्या ताटातला घास तिला द्यायचा नाही. कांदा, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात, हे पाहुण्यांनाही सांगायचं.

दोन : उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यायचं. बाहेर काम उरकलं की तिथल्या तिथे शाबासकी. घरात घाण झाली तर मुकाट्यानं पुसायची. अर्ध्या तासानं ओरडून तिला एवढंच कळतं, की या माणसाचं डोकं अधूनमधून फिरतं.

तीन : दार उघडलं तरी बसून राहायचं, 'चल' म्हटल्यावरच बाहेर. दारासमोरच्या रस्त्यावरून दिवसभर फौजी ट्रक धावतात. एवढा एक नियम तिचा जीव वाचवू शकतो.

चार : तिचा कोपरा तिचा. तिथे एक पिंजरा, दार कायम उघडं, आत जुनी गोधडी. ती आत गेली की मुलांनी हाक मारायची नाही, ओढायचं नाही, मिठी तर नाहीच.

पाच : एका शब्दाला एकच अर्थ. आमच्या घरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. 'बस' म्हणावं तर घरी येणाऱ्या जवानांच्या हिंदीत त्याचा अर्थ 'पुरे'. म्हणून 'बैठ' ठरलं आणि सगळ्यांनी तेच म्हणायचं.

नीट पाहिलंत तर यातला ठमीसाठी जेमतेम एक, बाकीचे चार आम्हा माणसांसाठी. कुत्र्याला शिस्त लावणं म्हणतात ते बहुतेक वेळा घराला शिस्त लावणं असतं.

दुसऱ्या टोकाचेही मित्र आहेत. 'त्याला बॉस कोण ते दाखव, उताणं पाडून दाबून धर,' असं सांगणारे. या कल्पनेचं मूळ १९४७ सालचं. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून कळपातल्या वर्चस्वाबद्दल लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ते घरोघरी पोचवलं. पण १९९९ मध्ये खुद्द मेक यांनीच लिहिलं, की रानातला कळप बहुधा एक कुटुंब असतो. पुढारी म्हणजे आईबाप, मागे त्यांची पिल्लं. धाकावर चालणारा अधिकारी पलटणीत फार दूर जात नाही, हे आपल्याला लांडग्यांनी सांगायची गरज नव्हती. मार खाल्लेल्या कुत्र्याला पुन्हा मारून शिस्त लागत नाही; गुरगुरणं बंद होतं आणि ते न सांगता चावायला लागतं.

एवढा आटापिटा कशासाठी? दर दोन-तीन वर्षांनी आपलं बिऱ्हाड हलतं. कुठल्याही छावणीत जा, एखाद्या रिकाम्या क्वार्टरसमोर वाट पाहत बसलेलं कुत्रं दिसतंच. दया आली म्हणून आणलं, मूव्हमेंट ऑर्डर आली म्हणून सोडलं. ते सोडणारे सगळे दुष्ट नसतात. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा कूपे हवा, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली पेटी. बंद जागेत शांत राहायला, अनोळखी माणसाला सहन करायला जे शिकलेलंच नाही, त्याला घेऊन हजार मैल जायचं कसं, या प्रश्नाशी घर हरतं. ठमीचा पिंजरा आज कोपऱ्यात दिसतो. उद्या तेच तिचं तिकीट आहे.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. आपण ती कायद्याआधी मानायला हवी. सोबतच्याला मागे सोडायचं नाही, हे आपण शिकलोय.

निवृत्त मित्रांनो, तुमची तर आता पोस्टिंगही यायची नाही. पहाटे पाचला तुम्ही आजही उठताच, घड्याळावर तुमचा विश्वास आहे आणि फिरायला सोबत हवीच असते. जवळच्या निवाऱ्यात एक चक्कर मारा. मात्र तिथे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून ऑर्डर्स ठरवा, आणि 'बैठ' की 'बस', तेही.