अवजार कोणाच्या मालकीचे?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत आज जो विद्यार्थी शिकतो आहे, त्याचा दिवस संगणकावाचून सरत नाही. वर्गाचे वेळापत्रक त्याला व्हॉट्सॲपवर कळते. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा ‘महाडीबीटी’वरील अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र आणि शेवटी निकाल, या साऱ्या गोष्टी त्याच मार्गाने होतात. वर्गात न समजलेला धडा तो यूट्यूबवर पाहतो, टिपणे गूगलच्या साठवणीत ठेवतो, प्रकल्पाचा अहवाल ‘वर्ड’मध्ये लिहितो; आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून निबंधाचा कच्चा खर्डा त्याच्याकडून करून घेण्याची सवयही अनेकांना जडली आहे. आवडते सॉफ्टवेअर कोणते असे विचारले, तर हा विद्यार्थी चार नावे चटकन सांगेल. ती साधने कोणाच्या मालकीची आहेत आणि उद्या मालकाने ती काढून घेतली तर आपले काय होईल, हे मात्र त्याला कोणी विचारलेले नसते. आमच्या मते आज विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे.

खेड्यापाड्यांतून या विषयाची चर्चा होतच नाही असे नाही. ती होते, परंतु एका निराळ्या अंगाने. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले, की रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद राहतील. मुलांनी त्या वेळात अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. करोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर भरल्या आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, तेव्हा गावाने हा मार्ग शोधला. वरून आलेल्या फतव्याची वाट न पाहता लोकांनी एकत्र येऊन स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन म्हणजे ग्रामस्वराज्याचा एक उत्तम नमुना होय. त्याचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे.

तथापि भोंगा फक्त यंत्र बंद केव्हा करावे एवढेच सांगतो. रात्री साडेआठला ते पुन्हा सुरू होते, तेव्हा त्यावर सत्ता कोणाची असते, याचे उत्तर भोंग्याजवळ नाही. ते उत्तर आपल्या चळवळीने दिले पाहिजे.

समाजवादी आणि कामगार चळवळीला संगणकाचा प्रश्न नवा नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणक बसवण्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी करार करून मर्यादित यंत्रीकरण मान्य केले. त्या काळी चळवळीपुढे प्रश्न होता तो रोजगाराचा: हे यंत्र किती हातांचे काम हिरावून घेईल? तो प्रश्न आजही संपलेला नाही. परंतु त्या वादात मालकीचा प्रश्न काहीसा मागे पडला. यंत्र यावे की न येऊ नये यावर आपण भांडत राहिलो. आणि ते आले तेव्हा कोणत्या अटींवर आले, हे पाहणारे फारसे कोणी उरले नव्हते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सॉफ्टवेअर ही विलक्षण वस्तू आहे. तिची पहिली प्रत तयार करण्यास अफाट खर्च येतो. त्यानंतरची प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. उसाचे एक कांडे दोघांनी खाल्ले तर दोघांच्याही वाट्याला अर्धेच येते. सॉफ्टवेअर लाखो लोकांनी वापरले तरी कोणाच्या वाट्याचे कमी होत नाही. अशा वस्तूची किंमत टिकवायची तर परवान्याचे कुंपण घालावे लागते. तिचा दुसरा गुण असा की, जितके अधिक लोक ती वापरतात तितके ती सोडणे प्रत्येकाला अधिक अवघड होते. कारण शेजाऱ्याने पाठवलेली फाइल उघडली पाहिजे, कचेरीने मागितलेल्या नमुन्यात अर्ज दिला पाहिजे. म्हणून या धंद्यातील खरे भांडवल म्हणजे माणसाची सवय. आणि सवय लावायला विद्यार्थिदशेइतके सोयीचे वय दुसरे नाही.

विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतींकडे या दृष्टीने पाहावे. २०२५ साली गूगलने भारतातील विद्यार्थ्यांना आपल्या ‘जेमिनी’ची सशुल्क सेवा एक वर्ष फुकट देऊ केली. त्याच वर्षी ‘चॅटजीपीटी’च्या कंपनीनेही भारतीयांना आपली एक सशुल्क सेवा वर्षभर विनामूल्य खुली केली. या दातृत्वाचा अर्थ सावकारी पाहिलेल्या मुलखाला समजावून सांगण्याची गरज नसावी. पहिली उचल नेहमीच हसतमुखाने मिळते.

उचल देणारा अटी कसा बदलतो, याचीही उदाहरणे ताजी आहेत. चित्रे आणि छपाई यांसाठी जगभर वापरली जाणारी आपली सॉफ्टवेअरे अ‍ॅडोबी या कंपनीने २०१३ साली एकदाच विकत घेण्याची पद्धत सोडून वर्गणीवर नेली. वर्गणी थकली की अवजार बंद. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण विनामूल्य दिली होती. २०२१ साली तिच्यावर मर्यादा जाहीर केली आणि २०२२ पासून ती लागू केली. तोवर जगभरच्या विद्यापीठांनी आपला संसार तेथे मांडला होता. जुलै २०२५ मध्ये तर गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी थांबवल्या. कारण होते युरोपीय संघाने रशियाच्या संदर्भात घातलेल्या निर्बंधांचे. भारतीय कायद्याचा कोणताही भंग झालेला नसताना भारतातील कंपनीची पत्रे आणि कागद तिच्याच हातून निसटले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. परंतु जिच्या दाराशी वकिलांची फौज उभी राहू शकते, तिची ही अवस्था. मग आटपाडीच्या किंवा दहिवडीच्या विद्यार्थ्याची टिपणे आणि प्रकल्प अडकले, तर त्याने कोणत्या न्यायालयाची पायरी चढावी?

आपल्या भागाला या संबंधाचे जुने नाव ठाऊक आहे. कूळ जमीन कसत असे, बांध घालत असे, घाम गाळत असे. पण जमीन त्याची नव्हती, आणि खंड चुकला की बेदखल होणे हेच त्याचे प्राक्तन होते. १९४८ चा कूळकायदा आणि त्यात पुढे झालेली दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कायद्याने कसणाऱ्याला मालक मानले. ज्यांच्या आजोबांना त्या कायद्याने सातबारावर नाव मिळाले, त्यांची नातवंडे आज ज्ञानाच्या शेतीत पुन्हा कुळे होत आहेत, ही गोष्ट आपल्या चळवळीने निमूटपणे पाहू नये.

मग काय, संगणक टाकून द्यावा? मुळीच नाही. यावर उपाय अस्तित्वात आहे आणि तोही सहकाराच्या जातकुळीचा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याची, त्याची आतील रचना अभ्यासण्याची, ते वाटण्याची आणि सुधारून वाटण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, हे त्यामागचे तत्त्व. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि जगभरच्या हजारो हातांनी तो वाढवला. आपल्या विद्यार्थ्यांना चित्रपट पाहण्यासाठी प्रिय असलेला ‘व्हीएलसी’ हा प्रोग्रॅमदेखील १९९६ साली पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मला आणि २००१ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. म्हणजे विद्यार्थी हा केवळ गिऱ्हाईक नसतो. तो अवजाराचा कर्ताही होऊ शकतो. अट एवढीच की अवजार उघडून पाहण्याची त्याला मुभा हवी.

हे केवळ पुस्तकी स्वप्न नव्हे. केरळात २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. पुढे त्या राज्याने शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, मल्याळम भाषेसह स्वतःची प्रणाली जुळवून घेतली, शिक्षकांना मोठ्या संख्येने प्रशिक्षण दिले आणि २०१८ पासून ‘लिटल काईट्स’ या नावाने शाळाशाळांत विद्यार्थ्यांची मंडळे उभी केली. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने लाखो लोकांची संगणकाविषयीची भीती घालवली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु संगणक शिकणे म्हणजे एका कंपनीची विंडोज आणि ऑफिस शिकणे, हे समीकरणही त्याच काळात आपल्याकडे रूढ झाले.

यंत्रे गावात नेऊन ठेवली की काम झाले, या समजुतीपासूनही सावध राहिले पाहिजे. वारणा खोऱ्यात १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडण्याचा प्रकल्प मोठ्या आशेने सुरू झाला. प्रत्यक्षात ही केंद्रे प्रामुख्याने ऊस, खत आणि बिले यांच्या हिशेबापुरती उपयोगात आली. आणि तेवढे काम तर मोबाइलवरील लघुसंदेशांनीही भागते, असे नंतरच्या प्रयोगात दिसून आले. उसाच्या हिशेबाला महत्त्व नाही असे कोण म्हणेल? पण गावातील मुलांनी त्या यंत्रावर स्वतः काही घडवावे, हा विचार त्या रचनेत मध्यवर्ती नव्हता.

आज तर यंत्रही अनेकांजवळ नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७–१८ च्या फेरीनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण कुटुंबांत हे प्रमाण अवघे ४.४ टक्के होते. मोबाइल पुष्कळ पसरला आहे हे खरे. पण ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के होते. त्याच पाहणीत आदल्या आठवड्यात फोनचा उपयोग अभ्यासासाठी केल्याचे सुमारे ५७ टक्क्यांनी, तर समाजमाध्यमांसाठी केल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी सांगितले. फोन हे मुख्यतः पाहण्याचे यंत्र आहे. त्यावर दीर्घ अहवाल लिहिणे वा प्रोग्रॅम रचणे दुरापास्तच. जतच्या किंवा माणच्या मुलीच्या हाती भावाचा फोन आणि पुण्याच्या मुलाच्या हाती स्वतःचा संगणक, हे दोघेही ‘डिजिटल’ झाले असे म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे.

काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. एक आक्षेप असा, की नोकरी देणारा विशिष्ट सॉफ्टवेअरच मागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला टॅली आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड यावे लागते, हे मान्य. ते त्याने अवश्य शिकावे. परंतु पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, माहिती शोधणे या मूलभूत गोष्टी मुक्त साधनांवर पक्क्या झाल्या, तर विशिष्ट अवजार काही आठवड्यांत हाती बसते. दुसरा आक्षेप असा, की चोरून काढलेली प्रत फुकटच मिळते, मग हा खटाटोप कशाला? चोरीच्या प्रतीने पैसे वाचतात, सवय मात्र कंपनीचीच लागते. आणि कायद्याचा धाक कायम डोक्यावर राहतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळत नाही. खरे आहे. म्हणूनच तो माणूस घडवणे हे आपले काम ठरते.

या कामाची परंपरा याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले आणि १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली. तेथे विद्यार्थी शेतात राबला, इमारतीचे दगड त्याने वाहिले. म्हणून ते महाविद्यालय त्याला आपले वाटले. आजच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या बाबतीत हाच अनुभव मिळायला हवा. महाविद्यालयाचे संगणक दुरुस्त करणे, मुक्त प्रणाली बसवणे, संदेश मराठीत आणणे, ही कामे ‘कमवा आणि शिका’ योजनेत का असू नयेत?

कार्यकर्त्यांपुढे आम्ही चार कामे ठेवतो. आपापल्या तालुक्यातील शाळा-महाविद्यालये आणि जिल्हा परिषद सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर वर्षाला किती खर्च करतात, याची माहिती अर्ज करून मिळवावी. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले आहे; तेच धोरण शिक्षणसंस्थांनीही स्वीकारावे, असा ठराव ग्रामसभांत आणि विद्यार्थी मंडळांत मांडावा. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांत वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे दोन-चार संगणक असावेत आणि मुलींसाठी तेथे राखीव वेळ असावी, असा आग्रह धरावा. आणि पक्षाचे स्वतःचे कागद युनिकोडमध्ये, कोणालाही उघडता येईल अशा नमुन्यात ठेवावेत. एकेका कंपनीच्या फाँटमध्ये अडकून पडलेले मराठी मजकूर पुढच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होतात, हे जुन्या कचेऱ्यांतून काम केलेल्यांनी पुष्कळ पाहिले आहे.

ही कामे लहान दिसतील. मोर्चा निघणार नाही, छायाचित्र छापून येणार नाही. परंतु उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असावीत, असे आपण म्हणतो, तेव्हा ती साधने म्हणजे केवळ गिरणी आणि कारखाना, असा अर्थ आता पुरेसा नाही. विद्यार्थ्याच्या बोटांखालचे अवजारही त्यात मोडते. ते अवजार त्याचे व्हावे यासाठी साथींनी येत्या शैक्षणिक वर्षापासूनच, आपल्या जवळच्या एका महाविद्यालयापासून, कामाला लागावे.