केसपेपरवर ‘आईचे अज्ञान’ लिहिण्याआधी

चोपडा, यावल, शिरपूर पट्ट्यातली आपली पोरे-पोरी आज जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकताहेत. बालरोग विभागात पोस्टिंग लागली की सीनियर सांगतात: लसीकरणाचे वेळापत्रक पाठ करा, वाढीचे टप्पे ओळखा, वजनावर डोस काढायला शिका. हे आलेच पाहिजे. पण साथींनो, आम्ही आणखी एक सांगतो. या वॉर्डात तुम्हाला जात भेटेल, आणि केसपेपरवर तिचे नाव असेल ‘आईचे अज्ञान’.

सातपुड्याच्या पाड्यावरून पावरा किंवा भिल बाई लेकरू घेऊन येते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की निदान होते: सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण. मग विशीतला डॉक्टर त्या आईला दरडावतो, “एवढे दिवस काय करत होतीस?” ती ऊसतोडीला गेली होती का, मजुरी किती मिळाली, रेशन मिळते का, पाड्यापर्यंत गाडी जाते का, हे मात्र हिस्ट्रीत येत नाही.

पोषण पुनर्वसन केंद्रात मूल साधारण १४ दिवस ठेवावे लागते. आई मध्येच निघाली की शेरा पडतो, ‘पळून गेली’. घरी दुसरे लेकरू आहे, रोज बुडतो आहे. बुडीत मजुरी देण्याची सरकारी तरतूद आहे. ती तिला सांगितली कोणी?

बाबासाहेब आणि रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंत वाचले. त्या घरात अज्ञान होते, असे म्हणायची कोणाची छाती आहे? १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. कामगार बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. आईला उपदेश पाजून व्यवस्थेला मोकळे सोडणे त्यांनी आपल्याला शिकवलेले नाही.

काही जण म्हणतील, डॉक्टरने औषध द्यावे, समाजकारण कशाला? कारण बरे झालेले मूल त्याच रिकाम्या चुलीपाशी परत जाते आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच खाटेवर येते.

म्हणून त्या आईला ‘तुम्ही’ म्हणा. तुम्हाला अहिराणी, पावरी येते ना? लाजू नका, तिच्या भाषेत विचारा. ज्या भाषेवरून हॉस्टेलवर हसतात, तीच इथे तुमची गुणवत्ता आहे. आणि केसपेपरवर वजनाशेजारी मजुरीही लिहा.

जय भीम!