एस. टी.चा तोटा कोणाचा?



येत्या २५ डिसेंबरला आपण देहूरोडच्या विहारात जमाल. १९५४ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी तेथे स्वहस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली, हे आपणांस सांगावयास नको. परंतु या तारखेशी आणखी एक प्रवास निगडित आहे, आणि ज्यांच्या घरी धम्म नुकताच आला आहे त्यांच्या मुलांनी तो ऐकला नसण्याचा संभव आहे. १९२७ साली महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला दासगावच्या बंदरात उतरले. धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठता आले असते. ती वाट सोडून दासगाव पत्करले, याचे कारण एकच. महाडच्या मोटारमालकांनी गाडीत घेण्याचे नाकारले तर दासगावहून पाच मैल पायी तरी जाता येईल, असा तो हिशेब होता.  लोक पायी चालत गेले आणि त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

ज्या महापुरुषाने या देशाची घटना घडविली त्याच्या आयुष्यात वाहनाचा नकार पुनःपुन्हा आलेला आहे. १९०१ साली भावंडांसह वडिलांना भेटावयास निघालेले बालक भीमराव मसूरच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा दुप्पट भाडे देऊनही त्यांना बैलगाडीत बसवून नेण्यास गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी, की भाडे दुप्पट द्यावयाचे आणि गाडीही मुलांनीच हाकावयाची. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी महाराला घेऊन जाण्यास नकार दिला, सबब वस्तीतील एका अननुभवी माणसाने टांगा हाकला. टांगा मोरीवर अडखळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. तोपर्यंत ते परदेशच्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. टांगेवाल्याच्या लेखी त्याचे मोल शून्य होते.

या जुन्या गोष्टी आज उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे आपण विचाराल. प्रयोजन हे, की आज ज्या एस. टी.ला आपण खडखडाटी म्हणून नावे ठेवतो, तिच्या जन्मामुळे आमच्या वाट्याला काय आले याचा विचार आम्ही कधी केलेलाच नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी गाडी सुटली. पुढे १९५० च्या केंद्रीय कायद्याने राज्याराज्यांतून अशा वाहतुकीची महामंडळे स्थापन होऊ लागली. सरकारने हा व्यवसाय हाती घेतला तो काही अस्पृश्यांच्या सोयीसाठी नव्हे. परंतु परिणाम असा झाला की गाडी मालकाची राहिली नाही. जो तिकिटाचे पैसे देईल तो बसेल, रिकामी जागा ज्याला मिळेल त्याची, आणि वाहक तिकीट फाडताना आडनाव विचारीत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, सार्वजनिक वाहनाचा वापर अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हा गुन्हा ठरविला. कायदा कागदावर होता. त्याचे रूप खेड्यातल्या माणसाला प्रथम दिसले ते एस. टी.च्या बाकावर. गावच्या विहिरीवर जाण्यास जेथे पिढी गेली, तेथे गाडीतील शेजार काही वर्षांत अंगवळणी पडला. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की एस. टी. ही केवळ सोय नव्हे. ती क्षीण झाली तर त्या जागी येते ती खासगी जीप, म्हणजे वडाप. आणि वडापमध्ये कोणाला कोठे बसवावयाचे व कोणाला रस्त्यात उतरवावयाचे हे पुन्हा मालक ठरवितो.

ती क्षीण होत आहे. एके काळी महामंडळाच्या ताफ्यात अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. कोरोनाच्या साथीनंतर त्या पंधरा हजारांच्या घरात आल्या. २०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या सहा महिन्यांत ज्या मुलींची शाळा सुटली त्यांपैकी कितीजणी पुन्हा वर्गात जाऊन बसल्या, हा प्रश्न आपल्याच वस्त्यांतून विचारून पाहावा. जून २०२५ मध्ये शासनाने महामंडळाची श्वेतपत्रिका काढली. तीत साचलेला तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे दाखविलेला आहे. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढविण्यात आले होते.

आता हा तोटा शब्द नीट पारखून घ्या. जिल्हा परिषदेची शाळा किती तोट्यात चालते, असे कोणी विचारीत नाही. सरकारी दवाखान्याचा नफा कोणी मोजत नाही. मग डोंगराकडेच्या पाच घरांच्या वस्तीवर जाणाऱ्या गाडीने तेवढा नफा मिळवावा, हा आग्रह कोठून आला? २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यात प्रवास मिळू लागला, ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास आहेत. या सर्व सवलती योग्यच आहेत आणि त्यांचा लाभ आमच्या मायबहिणी घेत आहेत. परंतु सवलत जाहीर करते सरकार, आणि तिची भरपाई रखडली की पगार थकतो महामंडळाच्या कामगाराचा. त्यात पुन्हा या तिकिटावर सरकार प्रवासी कर घेत आले आहे, ज्याचा दर १७.५ टक्के आहे. एका हाताने द्यावयाचे, दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाचे आणि शेवटी गाडी तोट्यात म्हणून बोटे मोडावयाची, हा न्याय आम्हांस मान्य नाही. सवलतीची भरपाई दर महिन्याला पूर्ण मिळेल असे कायद्याचे बंधन असावे, प्रवासी कर उठवावा, आणि नव्या गाड्यांचा खर्च भाड्यातून न काढता तिजोरीतून व्हावा, ही आमची मागणी आहे.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. पुण्याच्या मेट्रोच्या सुमारे ३१ किलोमीटरच्या दोन मार्गांस डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ११,४२० कोटी रुपये धरलेला होता. भांडवली खर्च आणि चालू तोटा एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. मेट्रोला आमचा विरोधही नाही. परंतु एका शहराच्या ३१ किलोमीटरसाठी जी रक्कम उभी राहू शकते, तिच्याहून अखिल महाराष्ट्राच्या गावोगावच्या गाडीचा वर्षानुवर्षे साचलेला तोटा कमीच आहे, एवढे तरी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

देहूरोडचेच उदाहरण घ्या. मेट्रो पिंपरीपर्यंत आली, तेथून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंतच्या मार्गाला २०२३ साली मंजुरी मिळाली. देहूरोड त्याच्याही पुढे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते, पण दोनच रुळांवर मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही जातात आणि लोकलला थांबावे लागते. पुण्याच्या पी. एम. पी. एम. एल.ची तूट मुख्यतः पुणे महापालिका ६० व पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के अशी वाटून घेतात. देहूरोड मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत, म्हणजे या दोहोंच्याही बाहेर. ज्याचा पैसा त्याचे वेळापत्रक, असा व्यवहार असल्यावर येथील माणसाने कोणाच्या दारी जावयाचे? १ जून २०२५ पासून त्या गाडीचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तेव्हा मात्र हद्दीबाहेरच्यांना कोणी वगळले नाही. आमचा तरुण चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर लागतो. रात्रपाळी सुटल्यावर घरी परतण्याची खात्री नाही म्हणून तो हप्त्याने मोटारसायकल घेतो, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड ट्रकांच्या मधून ती चालवितो. पगारातील तो हप्ता म्हणजे सरकारने न चालविलेल्या गाडीचे भाडेच होय, फक्त ते आपल्या घरातून जाते.

यावर आपण काय करावयाचे? १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स नावाच्या निग्रो स्त्रीने बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले. तिला अटक झाली आणि तिच्या समाजाने बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा तिकडे ते लोक अकराव्या महिन्यात पायी चालत होते. बसचे बहुसंख्य उतारू आपणच आहोत, हे त्यांनी ओळखले होते. आम्हांला बहिष्कार नको, आम्हांला गाडी अधिक हवी. पण आपण किती आहोत, कोणत्या वेळी निघतो, हे मोजून सांगण्याची त्यांची शिस्त आम्हांत नाही. लग्नाला, परिषदेला टेम्पो भाड्याने घेतो आणि थांब्यावरील गाडी बंद झाली तर एक अर्जही करीत नाही.

आणखी एक गोष्ट कटू वाटली तरी बोलली पाहिजे. आंदोलन कोणाचेही असो, पहिला दगड एस. टी.च्या काचेवर पडतो. जानेवारी २०१८ च्या बंदातही गाड्या फुटल्या. त्या कोणी फोडल्या याचा वाद आम्ही येथे घालीत नाही. पण ज्यांच्या बाबासाहेबांना मसूरला गाडी मिळाली नाही, त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्या एकाही हाताने ही गाडी फोडता कामा नये. दुसऱ्या दिवशी तीच गाडी आपल्याच वस्तीवर येत नाही.

तेव्हा २५ तारखेला विहारात येताना प्रत्येक कुटुंबाने एक कागद लिहून आणावा. आपल्या गावाचे किंवा वस्तीचे नाव, तेथे येणारी पहिली व शेवटची गाडी, गेल्या वर्षात बंद झालेली फेरी, घरातून कामाला किंवा शाळेला किती माणसे कोणत्या वेळी निघतात, एवढेच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातील मुलीकडून लिहवून घ्यावे. ते सर्व कागद एकत्र करून त्यांच्या आधारे एस. टी.च्या विभाग नियंत्रकांकडे, पी. एम. पी. एम. एल.कडे आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे वेगवेगळी निवेदने दिली जातील आणि मिळालेली उत्तरे या पाक्षिकात छापली जातील. कागदावर तारीख घालण्यास विसरू नये.