मतपेटीतून आलेले लांडगे

सरकारी इनामांच्या आमिषाने आणि विषप्रयोगाने १९४० च्या दशकापर्यंत ज्यांचा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून निःपात करण्यात आला, त्या लांडग्यांना पुनश्च वसविण्याचा कौल तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये थेट मतपेटीतून, जेमतेम एक्कावन्न टक्क्यांच्या बहुमताने दिला. डेन्व्हर-बोल्डरसारख्या शहरांतील नागरिकांनी मते द्यावीत आणि लांडगे मात्र पर्वतापलीकडे, बहुतांशी विरोधात असलेल्या पशुपालकांच्या दारी सोडावेत, ही तक्रार मला निम्मीच ग्राह्य वाटते. कारण त्या प्रदेशातील विस्तीर्ण कुरणे संघसरकारच्या मालकीची, म्हणजे शहरवासीयांचीही आहेत. (आमच्या सोलापूर-नगरच्या माळांवर लांडग्याच्या शेजारास राहणाऱ्या धनगरास त्याची संमती कोणी विचारली होती?)

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. लांडगे हवेत की नकोत हा मूल्यांचा प्रश्न असल्याने तो जनतेपुढे जाणे रास्त. परंतु लांडगे सोडण्याची २०२३ अखेरची मुदतही त्याच प्रस्तावात गोवून टाकणे म्हणजे जाणकारांच्या विवेकास बेडी घालणे होय. ती मुदत गाठण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉन राज्यातून आणून सोडलेल्या पहिल्या लांडग्यांपैकी काही, पूर्वी गुरे मारल्याची नोंद असलेल्या कळपांतून आले होते, आणि पुढील एप्रिलपासून कोलोरॅडोच्या ग्रँड परगण्यात गुरे त्यांना बळी पडू लागली. दर जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत नुकसानभरपाईची तरतूद आहे खरी. तथापि पंचनाम्यात सापडलेले शव नोंदले जाते, भेदरून वजन घटलेल्या कळपाचा हिशेब मांडणे मात्र फार कठीण जाते.