दोन लिटर दूध आणि दीड लाखाचं बिल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचे तीन वीकेंड पुणे-कोल्हापूर हायवेवर गेले, त्यामुळे ठरवलेला डेटाबेसवरचा लेख तसाच राहिला. त्याऐवजी आज एका बिलाची गोष्ट.

तर झालं असं, मामा (सख्खे, आईचे धाकटे भाऊ) पावसात मोटरसायकलवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. गाव पन्हाळ्याच्या बाजूला. रात्रीची वेळ. रस्त्यावरच्या पोरांनी उचललं, मिळेल त्या गाडीत घातलं आणि कोल्हापुरात जे पहिलं खाजगी हॉस्पिटल लागलं तिथं नेलं. (नाव देत नाही. हा लेख त्या एका हॉस्पिटलबद्दल नाहीच.) ऑपरेशन झालं, रॉड बसला. डॉक्टर हुशार, बोलायला चांगले, काम चोख. मामा आता वॉकर घेऊन परड्यापर्यंत जातात. उपचारांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ऑपरेशनच्या आधी खर्च किती, असं विचारल्यावर तोंडी उत्तर मिळालं होतं: "नव्वद ते एक-दहा धरा." रविवारी दुपारी डिस्चार्ज. मी पोचलो तेव्हा मामी बिलिंग काउंटरसमोर उभ्या होत्या, हातात एक कागद. कागदावर पाच ओळी:

रूम व नर्सिंग: १८,६००
ऑपरेशन, भूल, थिएटर: ६२,०००
इम्प्लांट: २४,५००
औषधे व सर्जिकल साहित्य: ४८,९००
तपासण्या व इतर: १४,४००

एकूण १,६८,४००. मामी चौथ्या ओळीवर बोट ठेवून काउंटरवरच्या पोराला विचारत होत्या, "ह्यात काय काय हाय?"

"मावशी, तेवढं होतंयच ओ फ्रॅक्चरला."

"व्हय, पन हाय काय त्यात?"

पोरगं वैतागलं होतं, मागे रांग होती. तेव्हा मामी जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून जाईना. "अरं बाळा, मी दोन लिटर दूध घातलं तर मला पावती मिळती. किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय, सगळं असतंय त्यात. आनि हितं एकूनपन्नास हजाराला एक वळ?"

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी जरा थांबून सांगतो. आमच्याकडे गावोगावी दूध संस्था आहेत. जिल्हा दूध संघ (म्हणजे आपलं गोकुळ) १९६३ सालचा. सकाळ-संध्याकाळ बाया-माणसं किटली घेऊन रांगेत उभी राहतात. दूध मापलं जातं, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ निघतं, त्यावरून दर ठरतो, पावती हातात. दहा दिवसांनी बिल. मामींसारखी चौथी शिकलेली बाई त्या पावतीवर नजर टाकते आणि लगेच म्हणते, "आज फॅट एक पॉइंट कमी कसं काय?" म्हणजे आकडे वाचायची अक्कल नाही, हे कारण नाही. वाचायला आकडेच दिलेले नाहीत, हे कारण आहे.

मी तपशीलवार बिल मागितलं. आधी "सिस्टीममध्ये तसं निघत नाही" असं उत्तर आलं. (मंडळी, मी आयुष्यभर हेच काम करतो. पाच ओळींची बेरीज ज्या सिस्टीममधून येते तिच्यात खालच्या नोंदी असतातच. नाहीतर बेरीज कशाची केली? :) ) पाऊण तासाने अकरा पानं मिळाली. मामी आणि मी बाकड्यावर बसलो आणि वाचायला लागलो.

तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, दिवस. मामा मंगळवारी रात्री अकराला अॅडमिट झाले आणि रविवारी दुपारी बाहेर. पाच रात्री. बिलात सहा दिवस, ३,१०० प्रमाणे. मंगळवारचा एक तास म्हणजे एक पूर्ण दिवस आणि रविवारची दुपार म्हणजे आणखी एक. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना बग, ऑफ-बाय-वन. मोजणी कुठून सुरू करायची हे आधी ठरवलं नाही की एक जास्तीचा येतोच.

दुसरी, परत केलेली औषधं. वॉर्डमधून चिठ्ठी येते, नातेवाईक खालच्या मेडिकलमधून पिशवीभर औषधं आणतो, त्यातली काही वापरली जात नाहीत. मामींनी ती स्वतः परत नेऊन दिली होती आणि रिटर्नची चिठ्ठी बटव्यात जपून ठेवली होती. (दुधाच्या पावत्यांची सवय!) ४,१५० रुपये. बिलात वजा झालेच नव्हते.

तिसरी, थिएटरचं "सर्जिकल किट". किटची किंमत एका ओळीत, आणि त्याच किटमधले हातमोजे, गाऊन आणि कापड पुढच्या पानावर पुन्हा सुटे. २,१८० रुपये.

एकूण ९,४३०. काउंटरवर दाखवलं. आत कुणाला तरी फोन झाला आणि दहा मिनिटांत रक्कम कमी होऊन १,५८,९७० चं नवीन बिल आलं. वाद नाही, आवाज नाही. मामींनी लगेच हिशोब केला: "पाच पोती पेंड आली की रं."

आता माझं म्हणणं. हे चोरीचं प्रकरण आहे असं मला वाटत नाही. चोर असते तर दहा मिनिटांत पैसे सोडले नसते. पण चूक तिन्ही वेळा एकाच बाजूला झुकलेली होती आणि ती शोधायचं काम पूर्णपणे आमच्यावर होतं. जी चूक ग्राहकाने पकडल्याशिवाय दुरुस्त होत नाही, ती काही दिवसांनी चूक राहत नाही, पद्धत होते.

आणि मोठा प्रश्न त्या ९,४३० चा नाहीच. एक-दहाचे एक-अडुसष्ट कसे झाले? तर अंदाज तोंडी होता. कागदावर नसलेल्या आकड्याशी कशाची तुलना करणार? शिवाय औषधांच्या ओळीत सगळं एमआरपीने लावलेलं, म्हणजे कायदेशीरच. पण एमआरपी ही काय चीज आहे ते बघा. फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध दर नियामक संस्थेने (एनपीपीए) दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खाजगी हॉस्पिटलांच्या बिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वस्तूंवर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत होता, आणि तोही एमआरपीच्या आत राहून. कारण मोठा खरेदीदार ती छापील किंमतच फुगवून घेऊ शकतो. किराणा दुकानात एमआरपी ग्राहकाचं रक्षण करते. हॉस्पिटलात ती कधीकधी उलटं काम करते. त्याच नियामकाने आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हृदयातल्या औषधी स्टेंटची किंमत साधारण तीस हजारांवर बांधली. त्याआधी तोच स्टेंट सरासरी सव्वा लाखाच्या आसपास जायचा. स्टेंट तोच, हृदय तेच. बदललं एवढंच, की किंमत कोणीतरी उघड विचारली.

"पण हॉस्पिटलची बिलं अशी तपासता येत नाहीत हो, प्रत्येक पेशंट वेगळा," असं डॉक्टर मित्र म्हणतात. तपासता येतात. आपण तपासली आहेत. कोविडमध्ये, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खाजगी हॉस्पिटलांचे दर ठरवून दिले: वॉर्डचे दिवसाला ४,०००, आयसीयूचे ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जून २०२१ मध्ये शहरांचे गट पाडले. कोल्हापूर ब गटात आलं आणि इथले दर ३,०००, ५,५०० आणि ६,७०० झाले. सरकारी लेखापरीक्षक बिलं तपासायला लागले. दर पुरेसे होते का, यावर भांडता येईल. पण बिल तिऱ्हाईत माणसाने वाचायचं, पेशंटच्या हातात पडण्याआधी, ही गोष्ट साथीच्या ऐन गर्दीत होऊ शकली. साथ गेली आणि आपण ती सोडून दिली.

कागदावर हक्क आजही आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत सतरा हक्क आहेत. त्यात तपशीलवार बिल आहे, औषध कुठून घ्यायचं याची निवड आहे, आणि बिलाच्या वादावरून पेशंट किंवा मृतदेह अडवून ठेवू नये हेही आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि किमान पंधरा बाबींचे दर दर्शनी भागात लावायला हवेत. आणि १९९५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. पी. शांता निकालानंतर, पैसे देऊन उपचार घेणारा पेशंट हा कायद्याने ग्राहक आहे. मी त्या रविवारी दरफलक शोधला. मला दिसला नाही. (कुंडीमागे असेल कदाचित.)

आणखी एक. जुलै २०२४ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. अपघात आणि हाडांची ऑपरेशन्सही त्यात आहेत. पण ती फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत आणि यादीतल्या उपचारांना. मामांना नेलं ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं. रात्री अकरा वाजता, हाड मोडलेल्या माणसाला घेऊन जाताना, ही यादी कोण बघणार? म्हणून ती आज बघा, चहा पिताना. घरापासून जवळचं योजनेतलं हॉस्पिटल कोणतं ते लिहून आईच्या फ्रिजवर चिकटवा. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे, आणि योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो.

आता जरा आपल्याबद्दल. म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल. आपल्याला कंपनीचा मेडिक्लेम आहे, कॅशलेस. माझ्या मुलाच्या वेळी मी स्वतः बिल वाचलंच नाही. मी फक्त घड्याळ बघत होतो, टीपीएचं अप्रूव्हल कधी येतंय म्हणून. (मे २०२४ पासून तीन तासांत यायला हवं असा विमा नियामकाचा नियम आहे.) आलं, मग फक्त विमा कंपनीने जे कापलं तेवढंच वाचलं: हातमोजे, मास्क वगैरे. बाकीचं कोण वाचणार, पैसे कुठे आपले जातायत? जातात की. पुढच्या वर्षीच्या प्रीमियममधून जातात. पण त्याहून वाईट म्हणजे, ज्यांना एक्सेल येतं, नियम शोधता येतात, इंग्रजीत मेल लिहिता येतो, ते लोक बिल वाचायचे बंद झाले. आणि जे रोख भरतात, म्हैस विकून किंवा सोसायटीचं कर्ज काढून, त्यांच्या हातात पाच ओळी दिल्या की काम भागतं. वाचणारं कोणी नसेल तर लॉग नीट लिहायची तसदी कोण घेतो? आमच्या ऑफिसातही कोणी घेत नाही.

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. जागा, मशिनरी, कर्जाचे हप्ते, कामाच्या रात्री. वर लोक अंगावर धावून येतात ते वेगळंच. २०१० पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे, तरी हल्ले थांबलेले नाहीत. पण मला विचाराल तर त्या रागातला थोडा वाटा अशा पाच ओळींच्या बिलांचाही असतो. माणूस गेलेला असतो किंवा अर्धा बरा झालेला असतो, आणि हातात न कळणारा आकडा पडतो. वाचता येणारं बिल हे डॉक्टरांचंही संरक्षण आहे. उलट सर्जनने स्वतःची फी जास्त लावावी आणि तसं उघड लिहावं. ती कौशल्याची किंमत आहे, मी आनंदाने देईन. हातमोज्यांतून वसूल करू नये.

खरं तर हे मागावं लागता कामा नये. दूध संस्थेत कोणी पावती मागत नाही, ती येतेच. अॅडमिट होताना लेखी अंदाज, रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचं बिल, परत केलेल्या औषधांची वजावट आपोआप, आणि शेवटी ओळ न् ओळ. चारही गोष्टी करायला आजच्या कुठल्याही साध्या सॉफ्टवेअरला जड नाहीत. खात्रीने सांगतो, कारण असली सॉफ्टवेअर आम्हीच लिहितो. तसा नियम होऊन तो पाळला जाईपर्यंत घरातल्या एका भाच्याने किंवा भाचीने तरी त्या बाकड्यावर बसायला हवं. ऑपरेशनच्या आधी अंदाज लिहून घ्या, दररोज चालू बिल मागा आणि रिटर्नच्या चिठ्ठ्या फेकू नका. भांडू नका, नुसतं विचारा.

गाडीत बसल्यावर मी मामींना म्हटलं, "मामी, तुम्ही चिठ्ठी जपून ठेवली म्हणून बरं. तुमचा त्यांच्यावर विश्वास नव्हता का?"

"विश्वासाचं काय त्यात?" मामी म्हणाल्या. "संस्थेतला सेक्रेटरी माझा चुलत दीर हाय. रोज पावती घेतीच मी. पावती हाय म्हनून तर दिवाळीला एकत्र जेवतोय."