अहवालात आपली वस्ती कुठं आहे?

सरकारी भाषेत सध्या 'रेझिलियन्ट' हा शब्द जोरात आहे. पूल, महामार्ग, बंदर, मेट्रो, जलवाहिनी, जे काही बांधायचं ते आपत्तीत तग धरणारं आणि शाश्वत असायला हवं, असं प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानांवर लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये भारताच्याच पुढाकारानं आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी एक आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली. तिचं मुख्यालय दिल्लीत आहे. हवामान बदलत असताना हा विचार योग्यच आहे. पुरात वाहून जाणारा पूल कुणालाच नको असतो. पण पूल तग धरतो तेव्हा अडलेलं पाणी कुठं तरी वळतं. ते कुणाच्या दारात वळतं, हा प्रश्न आपल्या पर्यावरण नियोजनात विचारलाच जात नाही. येत्या काळातल्या नियोजनाची खरी कसोटी तिथंच आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी काही वर्षं प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी गावोगाव सर्वेक्षणाचं काम केलं आहे. हे अहवाल कसे तयार होतात ते त्यामुळं जवळून पाहिलं. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्याचे चार टप्पे आहेत: छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणं, लोकांचं म्हणणं ऐकणं आणि तज्ज्ञ समितीनं मूल्यांकन करणं. अहवालात हवा, पाणी, आवाज, माती, झाडं, पक्षी या सगळ्यांची दखल असते. झाडांची यादी शास्त्रीय नावांसकट असते. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचे आकडे दशांश चिन्हापुढं दोन घरं असतात. मग येतं सामाजिक-आर्थिक प्रकरण. तिथं बहुतेक वेळा २०११ च्या जनगणनेतला तक्ता उतरवून घेतलेला असतो. एकूण लोकसंख्या इतकी, साक्षर इतके, अनुसूचित जाती इतक्या, अनुसूचित जमाती इतक्या. संपलं.

वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे, ओढ्यापासून किती अंतरावर आहे, तिचं पाणी कुठून येतं, तिची स्मशानभूमी वेगळी आहे का आणि ती रस्त्याच्या आखणीत जाते का, यातलं काहीही त्या तक्त्यात नसतं. एका संस्थेसाठी काम करताना मी फॉर्मच्या कडेला अशा नोंदी हातानं लिहून दिल्या होत्या. छापील अहवालात त्या आल्या नाहीत. विचारल्यावर उत्तर मिळालं, "फॉरमॅटमध्ये त्याला रकाना नाही."

रकाना नसणं ही किरकोळ बाब नव्हे. आपल्याकडचं गाव जातीनं आखलेलं आहे. दलितांची घरं गावकुसाबाहेर, आणि कितीतरी गावांत सखल भागात किंवा ओढ्याकाठी आहेत, ती कुणी हौसेनं तिथं बांधलेली नाहीत. आता त्या गावाजवळून महामार्ग जातो असं समजा. रस्ता पुरात बुडू नये म्हणून भराव उंच केला जातो. भरावाखालच्या मोऱ्या कमी पडल्या किंवा गाळानं भरल्या, की पावसाचं पाणी भरावाला अडून सखल बाजूला साचतं. रस्ता कोरडा राहतो, वस्ती बुडते. कागदावर मात्र हा रस्ता आपत्तीत टिकला म्हणून यशस्वी ठरतो. वस्तीची उंची आणि मोरीचा आकार एकाच नकाशावर ठेवून पाहिले असते, तर हे आधीच दिसलं असतं. त्यासाठी वेगळं विज्ञान लागत नाही. वस्ती नकाशावर असावी लागते.

शहरात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. चेन्नईत २०१५ च्या महापुरानंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठावरची हजारो कुटुंबं हटवली गेली. त्यांत दलितांची संख्या मोठी होती. कारण सांगितलं गेलं ते पूर आणि नद्यांचं पुनरुज्जीवन. त्यातल्या अनेकांना शहराच्या दक्षिण टोकाला, पेरुंबाक्कमच्या बहुमजली वसाहतीत पाठवलं. ही वसाहत पळ्ळीकरणै दलदलीच्या परिसरात, सखल भागात आहे आणि जोराच्या पावसात तिथं पाणी साचतं. म्हणजे पुरापासून वाचवायला माणसं उचलली आणि पुन्हा पाण्यातच नेऊन ठेवली, तीही कामाच्या ठिकाणांपासून लांब. त्याच दलदलीवर भराव घालून उभी राहिलेली आयटी कार्यालयं मात्र जागची हलली नाहीत. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं हटवून लोकांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेलं. तिथल्या हवेमुळं रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच नोंदवलेलं होतं. नदी आणि जलवाहिनी मोकळी झाली, पण त्याची किंमत कुणी भरली हे कोणत्याही ताळेबंदात आलं नाही.

भरपाईचंही तसंच आहे. भरपाई मुख्यतः जमिनीच्या मालकाला मिळते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार अनुसूचित जातींकडं देशातल्या वहितीखालच्या क्षेत्रापैकी नऊ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या १६.६ टक्के होती. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची मजुरी, गायरान, सरपण आणि गुरं चारायची जागा एका झटक्यात जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं भूमिहीन मजूर कुटुंबांनाही 'बाधित' मानलं आणि सामाजिक परिणामांचं मूल्यमापन सक्तीचं केलं. ही मोठी पायरी होती. पण राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे आणि कोळसा खाणींसाठीचे कायदे चौथ्या अनुसूचीत टाकून त्यांना या मूल्यमापनातून वगळलं. पायाभूत सुविधांसाठी सर्वात जास्त जमीन जिथं लागते, तिथंच हा प्रश्न विचारायची सक्ती नाही.

तिसरी बाब श्रमाची. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या मंजुरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट असते. अट चांगली आहे. नदीत मैला जाऊ नये, पाणी पुन्हा वापरलं जावं. पण त्या केंद्राची टाकी तुंबली की आत कोण उतरणार, यंत्र कुठून येणार, त्याचा खर्च देखभालीच्या करारात आहे का, हे मंजुरी देताना विचारलं जात नाही. निवासी संकुलांच्या अशा टाक्यांत गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत नोंद झालेल्या गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांपैकी सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले होते. एकट्या अनुसूचित जातींचा वाटा ६९ टक्क्यांच्या आसपास होता. इमारतीला 'हरित' प्रमाणपत्र मिळतं आणि तिची हरितता एका जातीच्या फुप्फुसांवर चालते. वर या बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूटच आहे.

जिथं जनसुनावणी होते, तिथं काय होतं? नियमानं तीस दिवस आधी सूचना द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, चित्रीकरण सक्तीचं. पण सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली. शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत असतो आणि लोकांच्या भाषेत व्यवहारात फक्त त्याचा सारांश मिळतो. मी ज्या सुनावण्यांना बसलो, तिथं पुढच्या खुर्च्यांवर जमीनमालक असायचे आणि मंडपाच्या कडेला उभे राहिलेले मजूर. उद्या ज्याच्या शेतात कामाला जायचं, त्याच्या समोर माईक हातात घेऊन 'आमचं काय?' विचारणं किती जड असतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाच्या आईवडिलांना माहीत आहे. नियामगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बारा ग्रामसभांना विचारलं गेलं आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. वनहक्क कायद्यानं आदिवासींना ती जागा दिली होती. वनजमिनीबाहेरच्या दलित वस्तीकडं नकाराचा असा अधिकार नाही. तिचं म्हणणं फक्त 'नोंदवलं' जातं.

ही अरुंद खिडकीही आणखी लहान करण्याचे प्रयत्न झाले. २०२० च्या मसुद्यात सूचनेचा कालावधी तीसवरून वीस दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता. तो मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच काढला. आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. काम आधी, मंजुरी नंतर, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये बंद केली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागं घेतला गेला. बांधकाम आधीच उभं राहिलं असेल, तर वस्तीनं सुनावणीत बोलून काय उपयोग?

कुणी म्हणेल, पर्यावरण हा विज्ञानाचा विषय आहे, त्यात जात कशाला आणता? त्यांनी या देशातल्या जलनियोजनाचा इतिहास पाहावा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडं होते. १९४३ च्या दामोदर पुरानंतर नदीचं संपूर्ण खोरं एक धरून पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी योजना त्यांच्या खात्यानं पुढं नेली. त्यातूनच १९४८ चं दामोदर खोरे महामंडळ आलं. आजच्या केंद्रीय जल आयोगाची मुळंही त्याच काळातली आहेत. वीज कशासाठी, तर उद्योगीकरणासाठी, आणि उद्योगीकरण कशासाठी, तर माणसाला गरिबीच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी, अशी त्यांची मांडणी होती. पुढं उभ्या राहिलेल्या धरणांनी असंख्य आदिवासी आणि दलितांना उठवलं, कारण राज्यकर्त्यांनी तंत्र घेतलं आणि 'कुणासाठी?' हा प्रश्न सोडून दिला.

तो प्रश्न परत आणायचा तर मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक अहवालात वस्त्यांचा जातनिहाय नकाशा हवा आणि तो पाण्याच्या व प्रदूषणाच्या नकाशावर ठेवून दाखवायला हवा. भूमिहीनांच्या उपजीविकेचा हिशेब वेगळा हवा. सांडपाण्याच्या अटीबरोबर यांत्रिक सफाईची आणि तिच्या खर्चाची अट हवी. संपूर्ण अहवाल लोकांच्या भाषेत हवा आणि वस्तीची सुनावणी वस्तीत व्हायला हवी. चौथ्या अनुसूचीतली सूट जायला हवी.

या मागण्या कोण करणार? हा लेख वाचणारे बरेचजण घरातले पहिले पदवीधर आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. पर्यावरण अहवाल बनवणाऱ्या संस्थांना भारतीय गुणवत्ता परिषदेच्या 'नॅबेट'ची मान्यता लागते आणि त्यासाठी सामाजिक-आर्थिक विषयाचा तज्ज्ञ ठेवावाच लागतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य शिकलेल्यांसाठी ती जागा आहे. स्थापत्य, भूगोल, जीआयएस शिकलेल्यांसाठीही इथं काम आहे. मूल्यांकन समित्यांवर जायला दहा-पंधरा वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे २०४० च्या समित्यांवर कोण बसेल ते आज ठरतं आहे. नोकरी वेगळी असेल तरी हरकत नाही. 'परिवेश' संकेतस्थळावर प्रस्ताव पाहता येतात. लेखी हरकत पाठवायला सुनावणीच्या मंडपात उभं राहावं लागत नाही. दिल्लीच्या किंवा हैदराबादच्या वसतिगृहातूनही ती प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवता येते. मंजुरी मिळाली, तर तीस दिवसांत हरित लवादाकडं अपील करता येतं.

आपल्या गावावरून एखादा प्रकल्प जात असेल, तर त्याचा अहवाल या आठवड्यात उघडा. सामाजिक-आर्थिक प्रकरण वाचा आणि वस्ती शोधा. सापडली नाही, तर हरकतीचं पहिलं वाक्य तिथूनच सुरू करा.

जय भीम.