कचरा आमच्याकडे, निर्णय कुणाकडे?

घाटकोपरच्या जोशी लेनचं नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. १९९७ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांचा कचऱ्याचा प्रयोग पाहून महापालिकेने मुंबईत प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजेच आपलं एएलएम, सुरू केलं. लोकसहभागाचा नमुना म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्या सहभागात बायकांच्या वाट्याला काय आलं?

ओला-सुका वेगळा करते बाई. शेजारणीला समजावते बाई. वॉर्ड ऑफिसात खेपा घालते तीही बहुधा बाईच. या कामाचा मोबदला नाही, आणि बजेटवर बोलायचा हक्कही नाही. शिवाय एएलएम राहिलं मुख्यतः सोसायट्यांचं. वस्त्यांसाठी महापालिकेने वेगळी ‘दत्तक वस्ती’ योजना काढली. तिथल्या संस्थेने माणसं नेमून सफाई करून घ्यायची. म्हणजे सोसायटीतलीला बैठकीचं बोलावणं आणि वस्तीतलीच्या हाती झाडू!

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. त्यानंतर आपल्या कायद्यात प्रभाग समित्या आल्या. त्यांत संस्था-संघटनांचे सदस्य घेता येतात, पण जास्तीत जास्त तीन, आणि तेही नगरसेवकांनी नेमलेले. मोर्चे काढणाऱ्या संघटनेला कोण नेमणार, सांगा! उलट २००९ च्या दुरुस्तीतली क्षेत्रसभा लगतच्या मतदान केंद्रांतल्या सगळ्या मतदारांची आहे. तिथे कुणाच्या शिफारशीची गरज नाही. म्हणूनच ती कागदावर राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेवक नाहीत, त्यामुळे प्रभाग समित्याही नाहीत. त्या काळात एएलएमच्या बायकांना अधिकाऱ्याकडे तक्रार करता येत होती, जाब विचारता येत नव्हता. आता २२७ पैकी निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. नगरसेविका निवडून आली की आपलं काम झालं, असं मानणाऱ्या मैत्रिणींशी माझं इथेच भांडण आहे. तिला विचारणारी सभा नसेल, तर ती पक्षाचंच ऐकणार.

तेव्हा मुलुंड, अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या गटांनी आपापल्या नगरसेवकाला लेखी विचारावं: क्षेत्रसभा कधी घेणार? ती वस्तीत घेणार का? धुणं-भांड्याची कामं आटोपून बाया येऊ शकतील अशा वेळी घेणार का? कचरा वेचणाऱ्या बायांना बोलावणार का? पत्राची पोच घ्यायला विसरू नका. तोंडी आश्वासनं आपल्याकडे पुष्कळ साठली आहेत.